नवतप्यातली रात्रपाळी

धंतोलीतल्या दवाखान्यात, जिन्याखाली,
जिथे आधी फिनाइलचे कॅन ठेवत
तिथे आता सर्व्हर आहे, मी आहे,
आणि एक कूलर, ज्याच्या वाळ्याच्या ताट्या
मागच्या उन्हाळ्यातच बदलायच्या होत्या.

फायरवॉलला ढबाले सर अग्निभिंत म्हणतात.
मला हसू येतं.
नवतप्यात या गावात कुठली भिंत आगीची नसते?
रात्री अकराला पश्चिमेकडच्या भिंतीला पाठ टेकून बघा.

तर ही आमची भिंत.
तिला दोनच शब्द येतात: ये, नको.
कोण, कुठून, कितीदा,
विचारलं तर वहीत खरडलेलं काहीबाही दाखवते.
म्हणून तिच्या शेजारी मी एक बघ्या बसवला.
तो कोणाला अडवत नाही.
कोण कोणाशी बोललं, किती वेळ, किती मोठ्यानं,
एवढंच मोजतो, आणि आलेख काढतो.

"एकाच डब्यावर दोघं? काऊन?
मशीन मरंल ना बाप्पा," सर म्हणाले.
पहिल्या रात्री खरंच तसं झालं.
चार जीबीची भाकर दोघांना पुरेना,
भिंत धापा टाकू लागली,
खाली कॅज्युअल्टीची पावती निघेना,
आणि खिडकीपाशी एक म्हातारा
स्वतःच्या गुडघ्याच्या फोटोनं
वारा घेत उभा राहिला.
मग बघ्याला सांगितलं: पाकिटावरचा पत्ता वाच,
आतलं पत्र राहू दे.

प्रश्न उरला, बसवावा कुठं.
भिंतीबाहेर बसवला तर नुसत्या थापा,
मिनिटाला चाळीस, नावं न लागणाऱ्या गावांहून;
कोणी दारं मोजतंय, कोणी कुलपं चाचपतंय.
झोप उडते, हाती काही लागत नाही.
आत बसवला तर घरचीच माणसं दिसतात.

आत बसवला.

बाबा गोळीबार चौकात मागावर बसत.
धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे,
आणि हे रस्त्यावरच्या कोणाशी तरी
सुपारीच्या भावाबद्दल बोलत.
मधेच हात थांबे. "तुटला."
मला ताण्यात काही दिसत नसे.
"डोयानं नाई दिसत, पोरी. आवाज उणा होते."

इथे उलटं होतं. एक आवाज जास्तीचा होता.
रोज दोन चाळीसला, आतून बाहेर,
आलेखावर सुईएवढा सुळका.
भिंतीच्या वहीत त्याची नोंदच नाही;
बाहेर जाणाऱ्याला तिनं कधी हटकलंच नव्हतं.
मी घामानं भिजले, आणि तो घाम उकाड्याचा नव्हता.
लोकांची नावं आहेत आत. कोणाला काय झालंय ते आहे.

पत्ता कागदावर लिहून, टॉर्च घेऊन गेले
तर एक्स-रेच्या खोलीबाहेर
इंदूताई नन्नावरे चादर पांघरून झोपलेल्या,
आणि आत ते जुनं यंत्र, सगळे बंद समजतात ते,
एक हिरवा दिवा लावून
आपल्या कंपनीला विचारत होतं:
मी ठीक आहे. काही नवीन आहे का?
तीनदा विचारायचं. मग उद्या.
कंपनी बुडून सहा वर्षं झाली.

ढबाले सरांना सांगितलं तर म्हणाले,
"मंग राहू द्या ना, कोणाचं काय जाते."
पण बुडाल्या कंपनीचं नाव उद्या कोणीही विकत घेईल,
आणि या भोळ्याला पहिल्यांदाच उत्तर येईल.
ते त्यावर विश्वास ठेवेल.
नियम लिहायला एक ओळ लागते. लिहिली.
कारणाच्या रकान्यात काय लिहावं
यावरच जास्त वेळ गेला.

आता भिंतीच्या वहीत रोज तीन नकार पडतात.
बघ्या आतल्या बाजूला आहे,
त्याला ते अजून ऐकू येतं.
दोन चाळीस झाले की मी उठते
आणि कूलरमध्ये बादलीभर पाणी ओतते.